विहिरीच्या तोंडाशी

आमच्या सरांना सुगंधाचा तिटकारा होता. ज्या माणसाने उभी नोकरी मैलापाण्याच्या सोबतीत काढली, त्याला अत्तराची ओढ असेल असं कोणालाही वाटेल, पण आमच्याकडे उलटी गंगा होती. मी केमिस्ट म्हणून शुद्धीकरण केंद्रावर रुजू झाले, त्या दिवशी आईने हौसेने माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला होता. सरांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, मला प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं. नेमणुकीच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "केमिस्टबाई, हा बगीचा बाहेर ठेवून या." मी गजरा दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला. संध्याकाळी पाहते तर तो जागेवर नव्हता. पंपावरच्या दत्ताभाऊंनी तो फाटकाजवळच्या म्हसोबाला वाहून टाकला होता.

पावडर, वासाचं तेल, वासाचा साबण, सगळ्याला बंदी. खंडेनवमीला पंपांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा चढायच्या, पेढे वाटले जायचे. उदबत्ती मात्र कुंपणाच्या बाहेर. एका वर्षी कोणीतरी कुरकुरलं, तर सर म्हणाले, "देव समजून घेईल हो. माझं नाक घेणार नाही."

हे नाक म्हणजे आमच्या केंद्रावरचं एक प्रस्थ होतं. शहराचं सगळं वापरलेलं पाणी (सर 'घाण पाणी' म्हणू देत नसत, 'वापरलेलं' म्हणायचं) जिथे येऊन पडतं, तिथून रोज सकाळी एक बाटली भरून प्रयोगशाळेत यायची. सर ती हातात घेत, डोळे मिटत, आणि देठाशी आंबा हुंगावा तशी हुंगत. मग निकाल. "शहराला आज अपचन झालंय." "कोणीतरी रंगाचा टँकर नाल्यात रिता केला." "रात्री पेठांत लग्नं झालेली दिसतात, तेल फार आहे." त्यानंतर आम्ही तपासण्या करायच्या. कधीकधी तर ते पुढे जाऊन थेट सांगत, "ही कसब्यातली आमटी. चिंचगूळ घातलाय." यातल्या निम्म्या थापा होत्या हे मला पहिल्या वर्षीच कळलं. अहो, सगळ्या पेठांचं पाणी एकाच नळातून येतं, त्यात कसबा कुठला आणि नारायण कुठला? पण उरलेलं निम्मं खरं निघायचं. टँकरचं तर हटकून खरं निघायचं, आणि त्यामुळे आमची मोठी पंचाईत व्हायची. कुठल्या गोष्टीला हसायचं आणि कुठली टिपून घ्यायची हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'नाक मुरडायचे असल्यास बाहेर मुरडून यावे.' एकदा वाघोलीकडच्या कुठल्याशा कॉलेजची मुलं केंद्र पाहायला आली होती. बसमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांचे रुमाल नाकावर गेले. सर पायरीवर उभे राहून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "रुमाल काढा. सकाळी तुम्हीच पाठवलंत, आता ओळख दाखवायची लाज वाटते?" मुलं हसली, रुमाल निघाले. एका मुलीला मात्र खरंच ओकारी आली. तिला त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं, झाडाखाली खुर्ची टाकून दिली आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे, बाळ. तुझं नाक चांगलं आहे. जपून ठेव."

लग्नकार्यात कोणी विचारलं, आपण काय करता, की ते शांतपणे सांगत, "तुम्ही केलेलं निस्तरतो." कसब्यात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. सोबतीला काकू, मूलबाळ नाही. जिन्याच्या वळणावर काकू एक बादली भरून ठेवायच्या. सर आले की तिथेच हातपाय धुऊन वर जायचे. हे काकूंचं सोवळं असेल असं मला आधी वाटलं होतं. पुढे कळलं, बादली शेजाऱ्यांसाठी होती. हे धुऊन येतात, हे चारचौघांना दिसावं म्हणून. काकूंना स्वतःला काही वाटत नव्हतं. "माझं सासर असंच आहे म्हणायचं," असं त्या म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

नव्या माणसाने पहिला डबा सरांबरोबर खायचा, तोही हवेच्या टाकीच्या कठड्यावर बसून, असा शिरस्ता होता. त्या टाकीत खालून हवा सोडतात, पाणी सारखं उकळल्यासारखं दिसतं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव मैला खाऊन पाणी निवळवत असतात. सर त्यांना 'मंडळी' म्हणत. वीज गेली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, "जनरेटर लावा, मंडळी गुदमरतायत!" पहिल्या दिवशी माझ्या डब्यात दहीभात होता आणि घशाखाली एक घास उतरत नव्हता. सर आपली मेथीची भाजी चवीने खात होते. टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बघा, मंडळी बसली पंगतीला. आपणच काय ते खोळंबलोय." मी डोळे मिटून जेवले. दुसऱ्या दिवशी उघडे ठेवून जेवले. महिन्याभराने मला त्या वासाची इतकी सवय झाली, की घरी गेल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

आता विहिरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शहरातून येणारं पाणी आधी एका खोल, बंदिस्त विहिरीत पडतं आणि तिथून पंप ते वरच्या टाक्यांमध्ये उचलतात. पंप थांबले तर विहीर भरत जाते. ती तुंबू नये म्हणून बाजूला एक गेट असतं. ते उघडलं की सगळं पाणी जसंच्या तसं नदीत. पुराचे दिवस सोडले तर आपल्या कारकिर्दीत हे गेट उघडलं गेलं नाही, हा सरांचा अभिमान होता. ते तो लपवतही नसत. कोणी मोठा पाहुणा आला की बाकी काही दाखवायच्या आधी गेटचं गंजलेलं चाक दाखवत. "बघा, याला फिरायची सवय नाही."

पंपात चिंध्या अडकतात. प्लास्टिक, केस, देवाची वस्त्रं, काय वाटेल ते येतं. पंप साखळीने वर ओढून साफ करायचा असतो, पण कधीकधी खालीच बोळा असा अडकून बसतो की पंप हलत नाही. मग शिडीवरून आतल्या लोखंडी मचाणापर्यंत माणसाने उतरायचं आणि बोळा कापायचा. ही उतरायची जागा फार वाईट. तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू साठतो. तो थोडा असला तर वास येतो. फार असला तर तो आधी नाकच बधिर करतो आणि पुढच्या काही श्वासांत माणूस आडवा होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, सरांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. म्हणून वायू मोजायचं मीटर वापरायचं, असा नियम. आणि आमचं मीटर? ते दुरुस्तीला गेलं की अख्खा पावसाळा तिकडेच काढायचं.

त्यामुळे वर्षानुवर्षं एक रीत पडून गेली होती. झाकण उघडायचं, पंख्याने हवा मारायची, मग सर यायचे. चष्मा काढून कोणाच्या तरी हातात द्यायचे, विहिरीच्या तोंडाशी गुडघे टेकायचे, दोन्ही हात कडेवर ठेवून आत वाकायचे. आसपास कोणी बोलायचं नाही. थोड्या वेळाने ते उठायचे आणि म्हणायचे, "जा." किंवा म्हणायचे, "आज नाही." सरांचा 'जा' आल्याखेरीज दत्ताभाऊ शिडीला पाय लावायचे नाहीत, आणि 'जा' आल्यावर मागे वळून पाहायचे नाहीत. दत्ताभाऊ शेजारच्या गावचे, शेतकऱ्याच्या घरातले; गाव शहरात आलं, जमीन तुकड्यातुकड्याने गेली आणि ते पंपावर लागले. मी एकदा त्यांना म्हटलं, "दत्ताभाऊ, नाकावर एवढा भरवसा बरा नाही." ते म्हणाले, "मॅडम, भरवसा नाकावर न्हाई. माणसावर हाय."

सर वरवर चिडायचे. "मी काय देव लागून गेलो? मीटर मागवा!" पण मनातून त्यांना ते आवडत होतं. कोणाला आवडणार नाही? घरी जिन्यात पाय धुऊन वर जाणारा माणूस इथे गुडघे टेकायचा, आणि सगळे श्वास रोखून त्याच्या एका शब्दाची वाट पाहायचे.

करोनाच्या काळात सगळं शहर घरात बसलं तरी शहराचं पाणी यायचं थांबलं नव्हतं, त्यामुळे आम्हीही थांबलो नव्हतो. सर एक दिवस ताप घेऊन घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी परत आले. वाळले होते, बाकी तसेच होते. सकाळची बाटली पुन्हा हुंगू लागले. निकाल देऊ लागले. मात्र आता ते नुसतंच "ठीक आहे" म्हणायचे. टँकर नाही, आमटी नाही. मला वाटलं, थकलेत.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी डबा उघडला आणि समोर बसलेल्या मला सरांच्या डब्यातून भपकारा आला. आमटी आंबली होती. साधीसुधी नाही, फेसाळली होती. सर ती भातावर ओतून खात होते.

"सर, आमटी खराब झालीय," मी म्हटलं.

त्यांनी घास तसाच गिळला. "माझ्या लक्षात आलंय. अन्न टाकू नये."

"सर," मी हळूच विचारलं, "वास येत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी टाकीकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं. "येईल. डॉक्टर म्हणाले, येईल. कोणाला बोलू नका."

"आणि विहिरीवर?"

"पंप नुकतेच उघडून जोडलेत. कोणाला उतरावं लागणार नाही. तोवर येईल."

मी त्या दिवसापासून मीटरच्या मागे लागले. वरच्या ऑफिसात इतक्या वेळा फोन केला की तिथला कारकून माझा आवाज ऐकून "अहो, आलं आलं" म्हणायला लागला. सरांनी मला अडवलं नाही. त्या विषयावर ते पुन्हा बोललेही नाहीत.

काकूंनी मला पुढे सांगितलं. डॉक्टरांनी घरी रोज वास ओळखायचा सराव करायला सांगितलं होतं. काकू सकाळी चार डब्या मांडायच्या: हिंग, जायफळ, कापूर, कॉफी. सरांनी डोळे मिटून हुंगायचं आणि नाव सांगायचं. "मी मुद्दाम त्याच क्रमाने ठेवायचे," काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं बरोबर यावं. त्यांनाही ते कळत होतं. रोज बरोबर सांगायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मग एक दिवस त्यांनीच डब्या उचलल्या आणि फडताळात आत सारून ठेवल्या. मी पुन्हा काढल्या नाहीत." हे ऐकताना मला रडू आवरलं नाही. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मला लाडू खायला लावला.

मग तो श्रावणातला दिवस आला. सकाळपासून पाऊस थांबून थांबून पडत होता. एक पंप दुरुस्तीसाठी उघडलेला, आणि चालू होता तो अचानक घरघरला आणि बंद पडला. साखळी लावून ओढला तर जागचा हलेना. खाली बोळा अडकला होता. विहिरीतलं पाणी चढू लागलं. तेवढ्यात वरून फोन आला. दुसऱ्या दिवशी नदीकाठी कोणी पाहुणे येणार होते, काही झालं तरी काळं पाणी नदीत दिसता कामा नये. दुरुस्तीच्या ठेकेदाराचा सुपरवायझर घाईघाईने आला आणि झाकण उघडायला लावलं.

मी मीटर घेऊन गेले. ते एकदाचं दुरुस्त होऊन आलं होतं, पण त्याची गत अशी की मोकळ्या हवेतसुद्धा कोकलायचं. त्या दिवशीही विहिरीपाशी पोहोचायच्या आतच ओरडायला लागलं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, बंद करा ते. लांडगा आला रे आला झालंय त्याचं."

"ओरडतंय ना? मग उतरायचं नाही," मी म्हटलं.

"मग काय, गेट उघडू? सांगता का तसं सरांना?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. दत्ताभाऊंनी कमरेला पट्टा बांधून दोर अडकवला होता. ते म्हणाले, "सर, त्या डबड्याचं मला काय कळत न्हाई. तुम्ही बघा. जा म्हणाला तर जातो, न्हाई म्हणाला तर न्हाई."

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. गुडघे टेकले. कडेवर हात ठेवले आणि आत वाकले. मी त्यांच्या पाठीशी उभी होते. मला वाटलं होतं की ते चष्मा माझ्याकडे देताना माझ्या डोळ्यांत पाहतील, पण त्यांनी पाहिलं नाही. "सर, उठा," मी म्हणाले. कुजबुजले नाही, मोठ्याने म्हणाले. ते तसेच राहिले. खाली पाण्याचा आवाज येत होता. सुपरवायझरचा फोन पुन्हा वाजला आणि त्याने तो कापला.

मग सर उठले. उठताना त्यांना हाताचा आधार घ्यावा लागला.

"दत्ता, पट्टा काढ."

"वास हाय?"

"मला माहीत नाही."

"म्हंजे?"

"मला वासच येत नाही, दत्ता. आजारात गेला तो आलाच नाही. खाली काय आहे ते मला कळत नाही."

सुपरवायझरने उगाच हसल्यासारखा काहीतरी आवाज केला. दत्ताभाऊंचा हात पट्ट्याच्या बकलावर तसाच राहिला. ते काहीतरी आठवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"मग दिवाळीच्या आधी मी उतरलो तवा? तुम्ही तापातनं नुकतेच आला हुता. असंच वाकून बघितलं. जा म्हणाला."

हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी रजेवर असणार.

"तेव्हाही येत नव्हता," सर म्हणाले.

"मग जा का म्हणाला?"

"सगळे माझ्याकडे बघत होते," सर म्हणाले.

दत्ताभाऊंनी पट्टा सोडला, विहिरीच्या कडेवर ठेवला आणि पंपाच्या खोलीत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. सर स्वतः गेटकडे गेले. चाक हलत नव्हतं. मी गेले, दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे ते करकरत फिरलं. पाणी नदीत जायला लागलं, तसे सर काठावर जाऊन उभे राहिले. पाऊस पडत होता, आणि मी छत्री नेऊन दिली तर ती त्यांनी मिटूनच हातात धरली. "उघडलं ते मी," म्हणाले. "कोणी विचारलं तर असंच सांगायचं. दत्ताने नकार दिला, केमिस्टने नकार दिला, असलं काही कागदावर यायला नको."

त्या दिवशी विहिरीत वायू होता की नव्हता, हे कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठं यंत्र आणून पंप वर काढला, तोपर्यंत सगळं हवेशीर झालेलं. काही नव्हतंच, म्हाताऱ्याने उगाच गेट उघडलं आणि स्वतःची शोभा करून घेतली, असंही बोलणारे बोलले. सरांवर ठपका आला. उरलेली थोडी नोकरी त्यांनी स्वारगेटजवळच्या एका ऑफिसात, नकाशांच्या कपाटापाशी बसून काढली. निरोपसमारंभ नको म्हणाले. आमच्या केंद्रावर आता चांगली मीटरं आहेत, पंप यंत्राने वर येतात, विहिरीत कोणी उतरत नाही आणि नवीन मुलांना 'जा' म्हणजे काय ते ठाऊक नाही. हे सगळं चांगलंच झालं. सर अजून कसब्यात असतात, मी अधूनमधून जाते. वास परत आला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते त्या घटनेनंतरच्या रविवारचं. त्या मधल्या दिवसांत दत्ताभाऊ सरांशी एक अक्षर बोलले नव्हते. सर समोरून आले की ते वाट सोडून बाजूने जायचे. शनिवारी सरांचा मला फोन आला.

"केमिस्टबाई, उद्या दत्ताच्या घरी जायचंय. एकट्याने जायची छाती होत नाही. याल का?"

आम्ही बसने गेलो. सरांच्या हातात काही नव्हतं. मी विचारलं, वाटेत काही घ्यायचं का, तर म्हणाले, "काय म्हणून न्यायचं?"

दत्ताभाऊंचं घर दोन उंच इमारतींच्या मधल्या तुकड्यात उभं आहे. आम्हाला दारात पाहून ते उठले, पण या म्हणाले नाहीत. त्यांची बायको, सुमनवहिनी, जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि हसून म्हणाल्या, "या की सर, बसा. आज वाट कशी चुकला?"

आम्ही खुर्च्यांवर बसलो. सर म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलोय."

"सर, ऱ्हाऊ द्या," दत्ताभाऊ एकदम म्हणाले. इतक्या दिवसांत सरांशी बोललेले ते पहिले शब्द. "तिला म्या काय सांगितलं न्हाई."

"म्हणूनच आलोय," सर म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, एखादा अहवाल वाचावा तसं. की दिवाळीच्या आधी दत्ता खाली उतरला तेव्हा खाली वायू आहे की नाही ते त्यांना कळत नव्हतं, आणि तरी ते 'जा' म्हणाले. वहिनींच्या हातातली काडी हातातच राहिली. नवऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग सरांकडे पाहत म्हणाल्या, "आणि हे वर आलेच नसते तर?"

त्यांनी काडी खाली ठेवली.

"तर मला कुणी सांगितलं असतं का, की सरांना वासच येत नव्हता?"

मला वाटलं, आता तरी सर काहीतरी म्हणतील. सांगितलं असतं म्हणतील. माणूस तेवढं तरी म्हणतोच.

"नाही," सर म्हणाले. "मी सांगितलं नसतं. कोणालाच कळलं नसतं."

वहिनी उठून आत गेल्या. भांड्यांचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले. सर रडत होते. आवाज नव्हता, पुसतही नव्हते, गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचं मला धाडस झालं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. चौघांना चार कप. सरांच्या समोर कप ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. "च्या घ्या," त्या म्हणाल्या. "माफ केलं बिफ केलं, तसलं काय म्हणणार न्हाई मी."

"मी ते मागायला आलो नाही," सर म्हणाले.

त्यांनी कप उचलला. बाहेर पाऊस सुरू झाला, आधी पत्र्यावर तडतडला आणि मग एकदम जोरात आला. दत्ताभाऊ दाराकडे पाहत होते. पायरीवर सरांच्या चपला उघड्यावर पडल्या होत्या, भिजायला लागल्या होत्या. दत्ताभाऊ उठले, भर पावसात बाहेर गेले, सरांच्या चपला उचलून आत आणल्या आणि भिंतीशी, आपल्या चपलांशेजारी ठेवल्या. मग आपल्या जागेवर येऊन बसले आणि चहा प्यायला लागले.